काय अडवायचं, काय जाऊ द्यायचं
कोकणातल्या घराभोवतीच्या कुंपणाविषयी

कोकणात घर बांधायला काढलं की चिरा कुठल्या खाणीचा, छपराला कौलं घालायची की पत्रा, विहीर कुठे पाडायची, यावर महिनोन्‌महिने खल चालतो. कुंपणाच्या वाट्याला मात्र एखादी संध्याकाळही येत नाही. घराचं काम उरकून कंत्राटदार सामान आवरायला लागलेला असतो, हाताशी थोडे पैसे उरलेले असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो. मग ‘एकदाची भिंत घालून टाकू’ असं ठरतं आणि चारी बाजूंनी पाच-सहा फुटांची पक्की भिंत उभी राहते. पुढची तीस वर्षं पाणी कुठून वाहणार, वारा कुठे अडणार, मुंगूस कुठून ये-जा करणार आणि शेजारच्या काकू कुठून हाक मारणार, हे सगळं त्या घाईत ठरून गेलेलं असतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून हिंडताना हा बदल जागोजागी दिसतो. जुने गडगे, म्हणजे नुसता दगड रचून घातलेले बांध, मोडून त्यांचा दगड भरावात जातो. शेराची किंवा निरगुडीची वई, म्हणजे जिवंत कुंपण, जेसीबीच्या एका फेरीत निघते. भिंत घालणाऱ्यांची कारणं खोटी नाहीत. घर वर्षातले दहा महिने बंद असतं. माकडं कौलं फोडतात, रानडुकरं कंद उकरतात, मोकाट गुरं रोपं खातात. कुंपण हवंच. फक्त ते काय अडवतं एवढंच आपण बघतो आणि त्याने काय जाऊ द्यायला हवं हा प्रश्न राहून जातो. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पहिल्याचंही चुकतं, कारण पाण्याला वाट न देणारं कुंपण फार काळ उभं राहत नाही.

आधी मोजणी

कुंपणाची सुरुवात कागदापासून होते. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, जमिनीवरची हद्द कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, ठरलेल्या दिवशी भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि पुढे मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. त्या दिवशी शेजाऱ्यांनी हजर राहावं म्हणून नोटिशीवर विसंबू नये, आपण स्वतः जाऊन सांगून यावं. पुढचे निम्मे तंटे तिथेच मिटतात. कोकणात एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं असतात आणि त्यातली बरीचशी मुंबईत राहतात. जमीन सामाईक असेल तर कुंपणाची रेघ ओढण्याआधी सहहिस्सेदारांची लेखी संमती घेतलेली बरी.

एक-दोन फुटांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शंभर फूट लांबीच्या हद्दीवर कुंपण एक फूट सरकलं तर शंभर चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा जवळजवळ दहावा हिस्सा इकडचा तिकडे होतो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, स्वतःची म्हणून, सलग बारा वर्षं टिकवलेला कब्जा मूळ मालकाचा हक्कच धोक्यात आणू शकतो. त्यामुळे चुकीच्या जागी घातलेल्या कुंपणाकडे ‘बघू पुढे’ म्हणून दुर्लक्ष करणं दोन्ही घरांना महागात पडतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सीमाचिन्हांची निगा राखणं ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे आणि ती चिन्हं मोडणं हा दंडनीय प्रकार आहे. हद्दीचा दगड कुंपणाच्या कामात उपटला जाणार नाही, याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्यावं.

नगरपालिका किंवा प्राधिकरणाच्या हद्दीत उंचीचाही नियम लागतो. मुंबईसारखे काही अपवाद सोडता राज्यभर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर धरली आहे. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. गावात असाल तर ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावं. रस्त्याची मालकी आणि रुंदी तिथेच कळते.

गडगा

जांभा खाणीत असताना मऊ असतो, सहज कापता येतो. उघड्यावर हवा लागली, ओल उडाली की त्यातली लोहद्रव्यं घट्ट बसतात आणि दगड कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या संशोधकाने १८०७ मध्ये या दगडाचं वर्णन करताना त्याला विटेवरून लॅटराइट हे नाव दिलं, ते केरळातले लोक त्याच्या विटा पाडताना पाहून. कोकणात हाच दगड घराला चिरा म्हणून आणि हद्दीला गडगा म्हणून लागतो.

चांगल्या गडग्यात चुना नसतो, सिमेंट नसतं. दगडावर दगड आपल्या वजनाने बसतो. त्यासाठी आधी माती काढून घट्ट जमिनीपर्यंत पाया खणतात. चार फूट उंचीच्या गडग्याला पायाशी साधारण दोन-अडीच फूट रुंदी लागते आणि वर जाताना दोन्ही अंगं आत झुकत जातात. मोठे दगड खाली आणि बाहेरच्या तोंडाला लावतात, पोटात लहान दगड आणि चिपा ठासतात. माती भरत नाहीत, कारण ती पावसात वाहून जाते आणि गडगा पोकळ होऊन बसतो. प्रत्येक सांधा खालच्या दगडाच्या मध्यावर यावा लागतो. अधूनमधून गडग्याच्या पूर्ण रुंदीचा लांब दगड आडवा घालतात, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात. वरचा शेवटचा थर जड दगडांचा असतो.

या रचनेचं मर्म तिच्या फटींमध्ये आहे. उतारावरून आलेलं पाणी गडग्यातून झिरपत पुढे जातं, वेग हरवतं आणि माती मागे सोडतं. पाण्याचा दाब कधी साचतच नाही. त्याच फटींमध्ये सरडे, बेडूक, धामण आणि मुंगूस राहतात. पावसाळ्यात नेचे आणि तेरडा उगवतो. घराशेजारी साप नको असं वाटणं स्वाभाविक आहे, पण उंदरांचा बंदोबस्त धामणच करते आणि उंदीर नसले की नागाला घराजवळ येण्याचं एक मोठं कारण उरत नाही.

दगड नुसता रचून भिंत उभारण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता. आपल्याकडे हेच काम करणारे हात अजून गावोगाव आहेत, पण तरुण गवंडी सिमेंटकडे वळले आहेत. ज्यांच्या आवारात जुना गडगा आहे त्यांनी तो मोडण्याआधी एकदा दुरुस्त करून बघावा. ढासळलेला भाग पूर्ण उतरवायचा, पाया बघायचा आणि त्याच दगडांनी पुन्हा रचायचा. बहुतेक वेळा नवा दगड आणावा लागत नाही. फटी सिमेंटने बुजवण्याचा मोह मात्र टाळावा. बाहेरून गडगा मजबूत दिसेल, पण आत पाणी कोंडेल आणि एखाद्या जुलैत पोट फुगून कोसळेल.

वई

दगड नसेल तिथे झाडं. जिवंत कुंपणासाठी झाड निवडताना चार गोष्टी बघतात: फांदी रोवली की फुटते का, गुरं तोंड लावतात का, छाटणी सोसते का आणि त्यातून घराला काही मिळतं का.

शेराची फांदी सहज लागते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर तीव्र दाह होतो आणि काही काळ दिसेनासं होऊ शकतं. लहान मुलं असलेल्या घराच्या अंगणाशी शेर लावू नये, छाटताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेत. मोगली एरंडही फांदीने येतो, गुरं खात नाहीत, मात्र त्याच्या बिया विषारी असतात आणि दिसायला खाण्याजोग्या. अडुळसा आणि निरगुडी ही घराजवळची सर्वांत निर्धोक जोडी. शेळ्या त्यांना सहसा खात नाहीत, छाटणी दोन्ही उत्तम सोसतात आणि पाला औषधाला उपयोगी पडतो. मेंदीची दाट कमरेएवढी भिंत होते. चिल्हार, सागरगोटा आणि करवंद काटेरी आहेत. जिथून डुक्कर घुसतं त्या बाजूला त्यांचा उपयोग होतो. करवंदाला फळही येतं.

गिरिपुष्प हवामान बघून निवडण्यासारखं झाड आहे. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची काठी पावसाच्या तोंडावर रोवली की मूळ धरते. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात आणि पाला हिरवळीच्या खताला जातो. दोन-तीन वर्षांत खोड जाड झालं की त्यालाच तार बांधता येते आणि सिमेंटच्या खांबांचा खर्च वाचतो. पांगाराही असाच काठीने लागतो.

लावणीची वेळ पहिल्या चांगल्या पावसानंतरची. काठ्या दीड-दोन फूट खोल, हद्दीपासून आपल्या बाजूला किमान दीड फूट आत आणि एकमेकींपासून हातभर अंतरावर. आत लावल्यामुळे पसारा शेजाऱ्याकडे जात नाही आणि छाटायला आपल्याच जमिनीत उभं राहता येतं. पहिली दोन वर्षं वई विरळ दिसते, तेवढ्या काळापुरत्या काट्याच्या फांद्या मध्ये अडकवतात. नंतर वर्षातून दोनदा छाटणी, नाहीतर वर पाला आणि खाली उघडी खोडं अशी अवस्था होते. गुरं तर खालूनच येतात.

जिवंत कुंपण माणसाच्या नित्य हाताशिवाय टिकत नाही, याचा इतिहासातला सगळ्यांत मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक रोखायला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात अंतर्गत जकात रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसं तैनात होती. पंजाबपासून तापीकाठच्या बऱ्हाणपूरपर्यंतच्या मोठ्या टप्प्यात या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, थोर आणि निवडुंग लावून कुंपण केलं होतं. काही ठिकाणी ते १२ फूट उंच आणि १४ फूट जाड होतं. १८६७ ते १८७० या काळात जकात आयुक्त असलेल्या ॲलन ह्यूम यांनी ते वाढवायला फार मेहनत घेतली. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. गरिबाच्या जेवणातलं मीठ अडवण्यासाठी उभं केलेलं हे कुंपण १८७९ मध्ये सोडून देण्यात आलं. पगारी हात थांबले आणि वाळवी, वणवे, नांगर यांनी ते पुसून टाकलं. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने १९९० च्या दशकात त्याचा माग काढला तेव्हा अनेक वर्षांच्या शोधानंतर इटावा जिल्ह्यात त्याला थोडासा अवशेष सापडला.

खांब आणि तार

उभे खांब आणि त्यांत गुंतवलेले आडवे वासे हा कुंपणाचा सर्वांत जुना सांगाडा. भाजे आणि कार्ले इथल्या लेण्यांच्या दर्शनी भागावर वेदिकेची नक्षी कोरली आहे, ती लाकडी कुंपणाचीच दगडातली प्रतिकृती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराने खांबात खाच कशी पाडली असेल, हे ती नक्षी बघून कळतं.

लाकडाच्या जागी तार आली ती अमेरिकेतून. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचं पेटंट मिळालं. दोन तारांच्या पिळात काटा पक्का धरून ठेवण्याची त्याची युक्ती आजही तशीच वापरात आहे. ती तार गुरांसाठी होती. अंगणात मुलं खेळतात, म्हातारी माणसं फुलं तोडायला वाकतात, तिथे काटेरी तार लावायचं कारण नाही. घराच्या बाजूला जाळी आणि मागच्या बागेला तार, अशी विभागणी चालते.

तारेचं कुंपण पडतं ते बहुतेक कोपऱ्यातून. ताण सगळा कोपऱ्यावरच्या आणि फाटकाच्या खांबांवर येतो, म्हणून त्यांना दोन्ही दिशांनी तिरके टेकू लागतात आणि त्यांचे खड्डे इतरांपेक्षा मोठे असावे लागतात. सात फुटी सिमेंटचा खांब दोन फूट जमिनीत जायला हवा. दोन खांबांत आठ ते दहा फूट. त्याहून लांब गेलं की मधल्या भागात तार झोळ धरते आणि वासराला वाट मिळते. खड्ड्यातलं काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, पाणी खांबाच्या पायाशी थांबू नये. काँक्रीट पुरतं कडक होईपर्यंत तारेला ओढ देऊ नये. कामगारांना घाई असते, पण हललेला खांब पुन्हा कधीच घट्ट बसत नाही.

समुद्राजवळ खाऱ्या हवेने तार लवकर गंजते. तारेवरचा जस्ताचा थर जितका जाड तितकं तिचं आयुष्य जास्त. म्हणून दुकानात तारेच्या गेजइतकीच जस्ताच्या थराची चौकशी करावी. दहा गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि बारा गेज म्हणजे २.६४ मिलिमीटर. आकडा वाढला की तार बारीक होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि बारा गेज ‘जास्त भारी’ म्हणून घरी येते. लोखंडी अँगल जमिनीलगत आधी गंजतो, तिथे रंगाचे जादा हात द्यावेत. लाकडी खांब हवा असेल तर खैर आणि ऐन टिकाऊ, पण दोन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जिवंत झाडाला खिळे ठोकून तार ओढणं सोपं वाटतं. झाड वाढतं, तार गिळतं आणि खोड कुजायला तिथून सुरुवात होते.

माकडांना आणि डुकरांना रोखायला काही जण सौर कुंपण लावतात. त्यातलं यंत्र साधारण सेकंदाला एक अशा गतीने क्षणभराचा झटका सोडतं. त्याने जनावर बिचकतं, मरत नाही. घरातल्या मीटरवरून किंवा विजेच्या खांबावरून थेट वीज तारेत सोडणं हा मात्र निव्वळ मृत्यूचा सापळा आहे. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि शेतकरीही. कोणत्याही सबबीखाली ते करू नये. झाडांवर किंवा कुंपणावर टाकलेली बारीक नायलॉनची जाळी जमिनीला टेकू देऊ नये, तिच्यात साप अडकून तडफडून मरतात.

भिंत घालायचीच असेल तर

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्यात एका गृहसंकुलाची आवारभिंत पावसात कोसळली आणि लगतच्या झोपड्यांमध्ये झोपलेले पंधरा जण दगावले. तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरउतारावरची संरक्षक भिंत कोसळून वीसहून अधिक माणसं गेली. दोन्ही ठिकाणी मेले ते भिंतीच्या पलीकडचे, ज्यांना ती बांधताना कुणी काही विचारलं नव्हतं.

भिंतीमागची माती पाणी पिते, जड होते आणि भिंतीला ढकलू लागते. पाणी निघून गेलं नाही तर मातीच्या ढकलण्यात पाण्याचा दाबही मिळतो. म्हणून आवारभिंत आणि मातीचा भार पेलणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा दोन-तीन फुटांनी जरी उंच असेल तरी तिथे साधी नऊ इंची भिंत चालत नाही, अभियंत्याकडून आराखडा घ्यावा लागतो. भिंतीच्या पायाशी दर पाच-सहा फुटांवर पाणी जायला पाइप टाकावेत, त्यांच्या मागे खडी भरावी म्हणजे माती येऊन ते बुजत नाहीत. लांब भिंत सलग न नेता मध्ये सांधे सोडावेत. भिंतीला टेकून भराव करू नये, बांधकामाचा राडारोडा रचू नये आणि खेटून खड्डा खणू नये.

भिंत वाऱ्यालाही अडवते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वाऱ्याला पूर्ण अडवणाऱ्या भिंतीच्या मागे तो भोवऱ्यासारखा उसळून खाली येतो, दाट वईतून मात्र तो गाळून, मंद होऊन जातो. म्हणून किनाऱ्याजवळच्या घराला खाली दोन-अडीच फूट जांभ्याचं काम आणि वर जाळी किंवा झाडं, ही रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ती खर्चाला बेताची आहे, उंचीच्या नियमात बसते आणि जमिनीलगत सहा इंचांची भोकं सोडली तर पाणी आणि मुंगूस दोघांनाही वाट राहते.

वर्षभराची निगा

मे महिन्यात सगळ्या कुंपणाला एक फेरी मारावी. पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात, पाइपांमधला पाला काढावा, गडग्यावर उगवलेली वडा-पिंपळाची रोपं बोटाएवढी असतानाच मुळासकट उपटावीत. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल, गंजलेल्या जागी घासून रंग. जून-जुलैत जोराच्या पावसात छत्री घेऊन एकदा बाहेर पडावं आणि पाणी कुठे तुंबतं ते डोळ्यांनी बघावं, उन्हाळ्यात ते कळत नाही. भिंतीला फुगवटा, तिरकी भेग किंवा झुकाव दिसला तर तिच्या दोन्ही बाजूंची माणसं आधी हलवावीत, मग दुरुस्तीचा विचार. पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या सुमाराला वईची छाटणी, हिवाळ्यात तारेची ओढ तपासणं आणि ढिल्या जागी ताण देणं.

फाटक दहा ते बारा फूट रुंद ठेवावं. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका आत येऊ शकली पाहिजे. ते आतल्या बाजूला उघडावं, रस्त्यावर नाही. जुन्या घरांना बेडं असायचं: दोन उभ्या खांबांना भोकं पाडून त्यांत आडवे वासे सरकवलेले. गुरं थांबत, माणूस एक वासा सरकवून आत येई.

पलीकडचं घर

कुंपणाचं एक अंग कायम दुसऱ्याच्या अंगणात असतं. म्हणून काम काढण्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन बसावं: रेघ दाखवावी, उंची सांगावी, खर्च अर्धा-अर्धा करायचा का ते विचारावं, आणि ठरलेलं दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सही अविश्वासाची नसते; आपल्यानंतर ज्यांना त्या हद्दीवर राहायचं आहे त्यांच्यासाठी ती असते. वाडीची जुनी पायवाट, देवळाकडे किंवा विहिरीकडे जाणारा रस्ता, पऱ्याचं म्हणजे ओढ्याचं पाणी या गोष्टी आपल्या कागदावर नसल्या तरी त्या गावाच्या वहिवाटीत असतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम शेतजमिनीवरच्या नैसर्गिक प्रवाहातला किंवा वहिवाटीच्या वाटेतला बेकायदा अडथळा काढून टाकण्याचा अधिकार तहसीलदाराला देतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. एकशेवीस वर्षांपूर्वी हा कायदा करणाऱ्यांना शेतातल्या अडवलेल्या पाण्याचं आणि वाटेचं मोल कळलं होतं. गावठाणात, वाडीत आणि नव्या घरांच्या आवारातही तीच समज आपण स्वतःहून पाळायला हवी.

नवं घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की भिंतीच्या कंत्राटावर सही करण्याआधी एक पावसाळा थांबावं. तोवर तात्पुरती जाळी पुरते. त्या चार महिन्यांत पाण्याची वाट, वाऱ्याची दिशा, जनावरांची ये-जा आणि माणसांची वहिवाट दिसून येते, आणि जिथे खरंच अडवायचं आहे ती बाजूही नेमकी कळते. मग त्या बाजूला दगड किंवा सिमेंट घालावं आणि बाकी तीन बाजूंना वई लावावी.